फोनवर झकास, छापल्यावर भकास: संगीताच्या अंकाचे फोटो दरवर्षी का बिघडतात

डिसेंबर लागला की माझ्याकडे पोरं यायला लागतात. मी ग्वाल्हेरला लश्कर भागात एका छोट्या प्रेसमध्ये पानं लावायचं काम करते, सुट्टीच्या दिवशी जमतील तसे फोटोही काढते, त्यामुळे संगीत शिकणाऱ्या मुलांचा अंक निघायचा असला की "ताई, जरा फोटो बघून द्या ना" म्हणत पेनड्राईव्ह माझ्याच टेबलावर येऊन पडतो. सात वर्षं झाली. पोरं बदलतात, फोन बदलतात, फोटो मात्र तेच आणि तसेच बिघडलेले. दरवर्षी तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

आधी लक्षणं बघा, तुमचं दुखणं यातलंच कुठलंतरी असणार:

- फोटोवर आडवे काळपट पट्टे, जसे काही कोणी ओल्या फडक्याने पुसलंय आणि मधेमधे राहून गेलंय.
- अर्धा चेहरा हळदीसारखा पिवळा, अर्धा हिरवट.
- सगळ्या फोटोवर दुधाळ साय, दिव्यांना लांब लांब शेपट्या.
- तानपुऱ्याच्या तारा एकदम चकाचक, गाणारीचा चेहरा धूसर.
- तबल्यावर हातांच्या जागी नुसता धूर.
- तानपुऱ्याच्या खुंट्या हवेत विरघळल्यात, किंवा तारा अर्ध्यातच संपल्यात.
- स्क्रीनवर छान, छापल्यावर काळाकुट्ट. नाहीतर जवळून बघितलं की चौकोन चौकोन दिसतात.
- वादक अचानक डावखुरा झालाय. (हे बऱ्याच जणांना दिसतच नाही, गुरुजींना मात्र पहिल्या सेकंदाला दिसतं. पुढे सांगते.)

यातलं जवळपास काहीही नवा कॅमेरा घेऊन सुटत नाही. दरवर्षी एकतरी पोरगा "भाड्याने मोठा कॅमेरा आणू का" असं विचारतो आणि मी दरवर्षी त्याला आधी फोनचं भिंग पूस म्हणते. म्हणून खाली जो क्रम दिलाय त्याच क्रमाने जा, आधी फुकटचं, मग वेळखाऊ, मग पैशाचं. मधूनच उडी मारली तर पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो.

भिंग पुसा. खरंच पुसा.

हसू नका. थंडीत आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात तिळाची गजक असते, त्याच बोटांनी फोन धरायचा आणि त्याच बोटांनी स्टेजवरच्या मुलीचा फोटो काढायचा. त्या तुपातिळाचा थर भिंगावर बसला की समोरचा प्रत्येक दिवा पसरतो, काळा रंग राखाडी होतो आणि सगळा फोटो दुधाळ दिसतो. दुधाळ साय आणि दिव्यांच्या शेपट्या असतील तर दहातल्या सात वेळा एवढंच कारण असतं. धुतलेला सुती रुमाल, तोंडाची वाफ, गोल गोल हलक्या हाताने. शर्टाच्या टोकाने नको, आपल्या गावात उन्हाळ्यात इतकी धूळ असते की शर्टावर बारीक वाळूच असते आणि चरे पडतात.

पुसूनही साय जात नसेल तर ती वाफ असू शकते. जानेवारीत सकाळी धुक्यातून गाडीवर आलात आणि थेट माणसांनी भरलेल्या, हीटर लावलेल्या खोलीत फोन नाहीतर कॅमेरा बाहेर काढलात तर गार काचेवर दव धरणारच. पुसत बसू नका, पुसलं की पुन्हा धरतं. कॅमेरा बाहेर असतानाच झिपवाल्या पिशवीत घालून बंद करा, खोलीत आल्यावर अर्धा तास पिशवीतच राहू दे, तोवर चहा प्या. पावसाळ्यात हेच उलटं होतं, एसीतून बाहेर दमट हवेत आलात की.

फोटो पाठवला कसा ते बघा

"चौकोन चौकोन" वाल्यांसाठी हे. फोटो चांगला निघालेला असतो, वाटेत मरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो, लांबीला साधारण १६०० पिक्सेल उरतात. छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे त्या फोटोची लांब बाजू जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर भरते. ए-फोर पान आहे २९.७ सेंटिमीटरचं, त्याला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल हवेत. आता तो छोटा फोटो ताणून कव्हरवर लावला की काय होणार ते तुम्हीच सांगा. उलट साध्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० गुणिले ३००० असतो, तो कव्हरला आरामात पुरतो. म्हणजे कॅमेरा कमी पडलेला नाही, पाठवणं चुकलं.

उपाय फुकट आहे: फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ड्राईव्हवर टाका, नाहीतर केबल लावून सरळ पेनड्राईव्हवर घ्या. आणि इंस्टावर टाकलेला फोटो परत डाउनलोड करून देऊ नका रे बाबांनो, तो तर दोनदा दळलेलं पीठ.

एक जात सोडून बाकीचे दिवे बंद करा

पिवळ्या-हिरव्या चेहऱ्यांचं कारण. आपल्या रियाजाच्या खोल्या बघा, वर जुनी ट्यूब, कोपऱ्यात पिवळा एलईडी, खिडकीतून दिवसाचा निळसर उजेड. तिन्हीचे रंग वेगळे, आणि कॅमेरा एका वेळी एकाच रंगाला पांढरा मानू शकतो. डोळा मेंदूच्या मदतीने जुळवून घेतो म्हणून तिथे उभं असताना काही वाटत नाही. नंतर कॉम्प्युटरवर पिवळा काढायला गेलं की दुसरा गाल निळा पडतो, मी तासन्‌तास घालवलेत यात, ते सुटत नाही. एकाच रंगाचा पिवळेपणा असता तर दोन मिनिटांत काढून दिला असता.

म्हणून स्विचबोर्डापाशी जा आणि एक जात सोडून सगळे बंद करा. दिवसा असाल तर सगळेच बंद करा आणि खिडकीपाशी या. खिडकी बाजूला येईल असं बसवा, पाठीमागे नको, समोर अगदी नाकासमोरही नको. चेहऱ्याची दुसरी बाजू काळी पडली तर तिकडून थर्माकोलची पांढरी शीट धरा, स्टेशनरीवाल्याकडे मिळते, नाहीतर घरची पांढरी चादर. ऊन थेट येत असेल तर तीच चादर खिडकीवर टांगा, उजेड कसा मऊ होतो बघा. लोक यासाठी हजारो रुपयांचे सॉफ्टबॉक्स आणतात.

पट्टे: शटर १/१०० वर आणा

हे जरा समजून घ्या कारण यावरच सगळ्यात जास्त रडारड होते. शटर १/१०० म्हणजे फोटोला सेकंदाचा शंभरावा भाग एवढाच वेळ उजेड मिळतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्याला कळत नाही. पण कॅमेऱ्याचं शटर, खास करून फोनचं आणि मोठ्या कॅमेऱ्यातलं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर, फोटो वरून खाली ओळीओळीने वाचत जातं. शटर १/५०० वर असेल तर काही ओळी दिवा तेज असताना वाचल्या जातात, काही मंद असताना, आणि तेच तुमचे पट्टे. शटर १/१०० ठेवलं तर प्रत्येक ओळीला दिव्याचा एक पूर्ण फेरा मिळतो, १/५० ला दोन. पट्टे गेले.

फोनमध्ये प्रो मोड असतो तिथे शटर हाताने लावता येतं. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, आणि कुठे ५० की ६० असं विचारलं तर ५०. नेटवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून पोरं १/६० नि १/१२० लावून येतात, त्यांच्याकडची वीज ६० हर्ट्झची आहे, आपला हिशोब वेगळा. सायलेंट शटर बंद करा, थोडी खटखट होऊ दे, मैफल सुरू नसेल तर कोणाला त्रास होत नाही.

१/१०० वर पण पट्टे राहिलेच तर तो स्टेजचा डिमरवाला एलईडी असणार, त्याची उघडझाप वेगळ्याच वेगाने चालते. डिमर पूर्ण वर न्या आणि परत बघा. तरी राहिले तर त्या दिव्याशी भांडू नका, जागा बदला.

हातांचा धूर

आता इथे पेच येतो. पट्टे घालवायला १/१०० हवं, आणि तबलजी रेला, म्हणजे एकदम भरभर बोल, वाजवत असेल तर १/१०० मध्ये बोटं थांबत नाहीत, १/५०० लागतं. दोन्ही एकदम मिळत नाही, ट्यूबलाईटखाली तर नाहीच. म्हणून मी तबल्याचे फोटो ट्यूबखाली काढतच नाही. बाहेर व्हरांड्यात, सावलीत, दिवसाच्या उजेडात. दिवसाच्या उजेडाला उघडझाप नाही, शटर हवं तेवढं वाढवा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. तबला वाजवणारा मुलगा हुशार, पण "ताई मी खरंच वाजवतो, तुम्ही काढा" म्हणून तीनतालात सुटला. शंभर फोटो काढले, शंभर धूर. मग त्याला म्हटलं, एकच बोल, 'ना', सावकाश, आणि बोट चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, पडल्यावर क्षणभर तिथेच ठेव. तिसऱ्या फोटोत चित्र मिळालं, पहिलं बोट चाटेवर, तिसरं मधल्या काळ्या शाईच्या कडेला टेकलेलं, मनगट सैल. वाजवणाऱ्याला बघताक्षणी कळावं की हा 'ना' आहे. नुसतं हात वर उचलून धरलेली पोज देऊ नका, त्यात बोलच नसतो आणि संगीताचा अंक वाचणारे लोक पहिलं तेच बघतात. आणि हो, त्याने मधेच हातोडी काढून सूर मिळवायला सुरुवात केली, कारण व्हरांड्यातलं ऊन सरकत तबल्यावर आलं होतं आणि पुडी, म्हणजे वरचं चामडं, तापून सूर चढला होता. फोटोत सूर ऐकू येत नाही हे त्याला पटेना. शेवटी तबला सावलीत घेतला तेव्हा गडी खुश. वाद्य उन्हात ठेवू नकाच, हे फोटोपुरतं नाही, तानपुऱ्याचा भोपळा आणि लाकूड दोन्हीला ते मानवत नाही.

आतच काढायचं असेल तर फ्लॅश वापरा पण समोरून नको, छताकडे तोंड करा म्हणजे उजेड वरून पसरून येतो. छत पांढरं हवं. आमच्या एका खोलीचं छत पोपटी होतं, सगळी गायक मंडळी कावीळ झाल्यासारखी आली.

तारा स्पष्ट, चेहरा धूसर

तानपुरा चेहऱ्याच्या पुढे उभा असतो, आणि ऑटोफोकसला जवळची, उठावदार, सरळ रेघ फार आवडते. तार दिसली की तिथेच चिकटतो. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस तिथे अडकतो. कॅमेऱ्यात डोळा पकडणारा फोकस असेल तर तो, नसेल तर एकच ठिपका निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवा.

दुसरं कारण अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडं ते. एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं आणि स्पष्ट येणारा भाग कमी. कोणीतरी ५० एमएमची एफ १.८ वाली लेन्स आणतो, मागचं सगळं धूसर होतं म्हणून हरखतो, आणि तिघांचा फोटो एफ १.८ वर काढतो. मधला स्पष्ट, बाजूचे दोघं पाण्यात. एकटा माणूस असेल तर एफ २.८, तिघं-चौघं असतील तर एफ ५.६ आणि सगळ्यांना एका रेषेत बसवा. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवा, १६०० नि ३२०० ला घाबरू नका. छापल्यावर बारीक दाणे दिसत नाहीत, धूसर डोळे मात्र दिसतात.

आणि फोनचा पोर्ट्रेट मोड बंद! खुंट्या गायब होण्याचं कारण तेच. तो खरं धूसर करत नाही, माणसाची कड अंदाजाने कापून मागचं पुसतो, आणि त्याला माणूस कळतो, तानपुरा कळत नाही. बारीक तारा, खुंट्या, सारंगीचा गज, सगळं पार्श्वभूमी समजून खातो. स्क्रीनवर लक्षात येत नाही, ए-फोरवर आलं की दांडी अर्ध्यातून तुटल्यासारखी दिसते.

फार जवळूनही काढू नका, फोनची लेन्स रुंद असते, भोपळा टेबलाएवढा आणि डोकं लिंबाएवढं येतं. चार पावलं मागे जा, फोनला दोनपटीची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा.

फोटो उलटा झालाय का

हे माझ्याच चुकीबद्दल आहे म्हणून जरा सविस्तर. एका वर्षी डाव्या पानावर फोटो होता आणि मुलगा पानाच्या बाहेर बघत होता, ते चांगलं दिसत नाही, म्हणून मी सरळ आडवा उलटा केला. एक क्लिक. अंक छापला, वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांचे गुरुजी स्वतः प्रेसमध्ये आले, वय सत्तरच्या पुढे, काही बोलले नाहीत, पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "याला मी डावखुरा कधी केला?" बघते तर डग्गा वादकाच्या उजव्या हाताशी, तबला डाव्या. शेजारी पेटी, तिचा भाता उजव्या हाताने नि सूर डाव्या हाताने. मला जमिनीत जावंसं वाटलं.

म्हणून आता तपासणीच करते: तबला वादकाच्या उजव्या हाताशी, डग्गा डाव्या. पेटीच्या पट्ट्यांवर उजवा हात. सतारीची दांडी वादकाच्या डाव्या अंगाला. खरोखर डावखुरे वादक असतात, त्यांना विचारून खात्री करा. कुर्त्यावर काही लिहिलेलं असेल, मागे घड्याळ असेल तर ते वाचून बघा. सेल्फी कॅमेऱ्याचे फोटो बऱ्याच फोनमध्ये मुळातच उलटे साठतात, ते सेटिंगमध्ये बंद करता येतं. माणूस पानाच्या आत बघायला हवा असेल तर शूटच्या वेळीच दोन्हीकडे बघताना काढून घ्या, चार सेकंदांचं काम.

आधी ठरवलं नाही म्हणून बिघडलेलं

इथून पुढच्या गोष्टी फुकटच्या आहेत पण वेळ खातात, आणि फोटो काढून झाल्यावर सुधारत नाहीत.

कव्हरचा फोटो काढताना वरचा पाव भाग रिकामा सोडा, तिथे अंकाचं नाव येणार आहे. दरवर्षी मुलीचं कपाळ वरच्या कडेला टेकलेलं असतं आणि मग नाव कपाळावर छापायचं की गळ्यावर असा प्रश्न मला विचारतात. चारी बाजूंनी थोडी जागा जास्त ठेवा, ब्लीडसाठी, म्हणजे छापल्यावर कडा कापताना, ३ मिलिमीटर कापलं जातं. दोन पानांवर पसरणारा फोटो असेल तर कोणाचं नाक बरोबर घडीत येत नाही ना बघा.

आतली पानं काळीपांढरी असतील तर आदल्या दिवशी कपडे आणि पडदा फोनवर काळेपांढरे करून बघा. लाल कुर्ता आणि हिरवा पडदा डोळ्याला किती वेगळे, पण काळ्यापांढऱ्यात दोन्ही एकच राखाडी, नुसतं डोकं तरंगताना दिसतं. काळा कुर्ता काळ्या पडद्यापुढे हा तर दरवर्षीचा हट्ट.

जागा शूटच्या आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघा. दुपारी बघितलेला व्हरांडा सकाळी अंधारा असतो. डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो, "चारला जमू" म्हणालात की पोरं पावणेपाचला येणार, तानपुरे जुळवेपर्यंत उजेड संपला.

आणि बाहेरच्या जागा. सगळ्यांना कव्हर हजिरा भागात तानसेनच्या कबरीपाशी नाहीतर किल्ल्यावर मानमंदिर राजवाड्यापाशीच हवं असतं, साहजिक आहे, आपल्या गावाचं गाणंच तिथून सुरू होतं. तानसेनच्या कबरीजवळच्या चिंचेची पानं चघळतानाचा फोटोही हवा असतो, आवाज गोड होतो म्हणे. पण ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित ठिकाणं आहेत. हातात फोन घेऊन साधे फोटो काढणं वेगळं आणि ट्रायपॉड, दिवे, वाद्यं, दहा माणसं घेऊन जाणं वेगळं, त्याला आधी परवानगी लागते. ऐन वेळी चौकीदाराशी वाद घालून उपयोग नाही, तो त्याचं काम करतोय. ड्रोनचा विचार तर सोडूनच द्या, शेजारी महाराजपुऱ्याला हवाई दलाचा तळ आहे.

परवानगी मिळाली तरी तिथलं एक लक्षण सांगून ठेवते, चेहऱ्यावर उजेडाचे ठिपके. तानसेनच्या कबरीशेजारच्या सूफी संत मोहम्मद गौसच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या सुंदर आहेत, पण ऊन त्यातून आलं की चेहऱ्यावर चित्त्यासारखे डाग पडतात आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरने जात नाहीत. जाळी मागे येऊ दे, माणूस पूर्ण सावलीत. कबरीच्या आवारात चपला, आवाज, वाद्यं कुठे टेकवायची याचं भान ठेवा, लोक तिथे श्रद्धेने येतात. खरं सांगू का, सगळ्यात चांगलं कव्हर मी रियाजाच्या खोलीच्या दारात काढलंय, बाहेर चपलांचा ढीग आणि आत उजेडात एक तानपुरा. मुलांना ते आवडलं नव्हतं, छापल्यावर आवडलं.

फोटो काढला की लगेच एका कागदावर डावीकडून सगळ्यांची नावं लिहा आणि त्या कागदाचाही फोटो काढा. महिन्याभराने कोणालाच आठवत नाही.

छापल्यावर काळाकुट्ट

फोनची स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फेकत नाही. त्यात मॅपलिथोसारखा साधा कागद शाई पितो, ठिपके पसरतात, गडद भाग आणखी गडद होऊन बुजतात. म्हणून फोटो बघताना स्क्रीनचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणा आणि ऑटो ब्राइटनेस बंद करा. काळ्या केसांत केस दिसत नसतील तर छापल्यावर डांबर दिसणार. सावल्या थोड्या उचला, चेहरा स्क्रीनवर किंचित जास्तच उजळ वाटेल इतका.

मग पैशाची पहिली पायरी: कव्हर आणि आतलं एक पान कलर लेझर प्रिंटवर काढून दिवसाच्या उजेडात बघा. ही प्रेसची छपाई नव्हे, रंग थोडे वेगळे येतील, पण चेहरा काळा पडतोय की नाही ते कळतं. त्यापुढे प्रेसकडून प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, मागा आणि छपाईची प्लेट बनायच्या आधी मागा. प्लेट झाल्यावर "ताई, थोडं उजळ करा ना" म्हणालात तर त्याचे पैसे पुन्हा पडतात आणि ते तुमच्या नाश्त्याच्या बजेटमधून जातात.

एवढं सगळं करूनही उजेड कमीच पडत असेल तर आता भाड्याने आणा, आणि कॅमेरा नाही, एक चांगला फ्लिकर नसलेला एलईडी पॅनल. आणल्या आणल्या १/५०० वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघा, पट्टे दिसले तर तिथल्या तिथे परत करा.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

प्रत्येक फोटोत त्याच जागी काळा डाग येतोय, लेन्स बदलली तरी तिथेच आहे, तर ती सेन्सरवरची धूळ. आधी कॅमेऱ्याच्या मेनूतलं क्लीनिंग चालवा, मग कॅमेरा खाली तोंड करून रबरी ब्लोअरने दोन-तीनदा हवा मारा. एवढंच. कापूस, रुमाल, तोंडाची फुंकर काही नाही. डाग राहिला तर सर्व्हिसवाला. एका पोराने इअरबडने पुसला होता, डाग गेला आणि त्या जागी चरा आला.

भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय तर ती बुरशी, घरी उघडायची नाही. फ्लॅशगन बिघडली तर कधीच उघडू नका, सेल काढले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जबरदस्त व्होल्टेज साठलेलं असतं. हॉलमधली ट्यूब फडफडतेय, बोर्डातून चरचर आवाज येतोय, तर ते इलेक्ट्रिशियनचं काम, खुर्चीवर चढून हलवून बघू नका.

कार्डातले फोटो गेले तर कार्ड त्याच क्षणी बाहेर काढा. त्यावर एकही नवा फोटो काढू नका, फॉरमॅट करा म्हणालं तर नाही म्हणा. पुसलेले फोटो बहुतेक वेळा आतच असतात, नवीन फोटो त्यांच्यावर बसतो तेव्हा ते खरे जातात. कॉम्प्युटर कार्ड ओळखत असेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअर एकदा चालवून बघायला हरकत नाही, ओळखतच नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे.

शूटमध्ये वाद्याला धक्का लागला, भोपळ्याला तडा गेला, तारांखालची घोडी सरकली, तर फेविक्विक आणू नका. वाद्य आहे तसं ठेवा, ज्याचं आहे त्याला लगेच सांगा, आणि वाद्य बनवणाऱ्याकडेच न्या. घोडी जागची हलली की जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, गेली, आणि ती परत लावणं हे कान आणि कानस दोन्ही असलेल्या माणसाचं काम.

आणि शेवटचं. कोणी मोठे बुजुर्ग कलाकार समारोहाला आलेत, तुम्हाला दहा मिनिटं देतायत, पुन्हा मिळणार नाहीत, अशा वेळी सरळ चार पैसे देऊन स्टुडिओवाल्याला बोलवा. त्याला कव्हरची वरची जागा, दोन्हीकडे बघतानाचे फोटो आणि फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची एवढं आधीच सांगून ठेवा, कारण तो लग्नाचे फोटो काढून येतो आणि सवयीने तानपुऱ्याच्या खुंट्या कापतो.